बुरशी न आलेलं बोळकं

पोर तिसऱ्यांदा ओकली तेव्हा त्यात रक्त होतं. मी तिला खांद्यावर टाकून डॉक्टरांच्या दवाखान्यात पळत आणली होती. माझ्या पायात काही नव्हतं आणि चोळीची बाही ओकारीनं भिजली होती. बाकावरची माणसं उठून भिंतीला लागली. श्रावण चालू होता. श्रावणात लहान मूल असं ओकायला लागलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच नाव यायचं, पटकी. एक म्हातारा नाकाला उपरणं लावून बाहेरच निघून गेला.

पोर तीन वर्षांची होती. डॉक्टरांनी तिचं पोट दाबलं तशी ती किंचाळली.

"कधीपासून हे?"

"अर्धा तास झाला असेल."

"सकाळी काय खाल्लं?"

"दूध-भाकरी."

"आणखी?"

मी तिचं तोंड पदरानं पुसत राहिले.

"बाई, आणखी काय? शिळं, बाजारातलं, कुणी काही दिलं?"

"नाही," मी म्हणाले.

असं मी म्हणाले. पोरीच्या पोटात काय गेलंय ते मला पक्कं ठाऊक होतं. रसकापूर. हे पाऱ्याचं विष खळीत कालवलेलं होतं, ती खळ माझ्या घरातली होती आणि मीच ती शेजारी दिली होती. नवऱ्यानं मला शपथ घातली होती की या औषधाचा शब्द घराबाहेर जाता कामा नये, आणि शपथ पोरीच्या गळ्याची होती. सांगितलं तर शपथ मोडून मरेल, नाही सांगितलं तर विषानं मरेल. मी वीस वर्षांची होते. मूर्ख म्हणा, पण मला तेव्हा शपथ विषाइतकीच खरी वाटत होती.

माझे वडील मोडनिंबच्या शाळेत मास्तर होते. त्यांनी मला चौथीपर्यंत शिकवलं आणि लग्न करून दिलं. नवरा सोलापुरात एका गिरणीत कारकून होता, सुताला खळ लावतात त्या खात्यात. कोरडं सूत तसंच मागावर चढवलं तर घासून तुटतं. म्हणून पिठाची कांजी शिजवतात, सूत तिच्यातून काढतात आणि वाळवतात. तीच खळ. पण खळ म्हणजे शेवटी पीठ. पावसाळ्यात भाकरीला बुरशी येते तशी खळ लावलेल्या कापडालाही येते. तीस सालचा मार्शल लॉ होऊन गेला, त्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या पावसाळ्यात गिरणीच्या गाठी परत यायला लागल्या. बाहेरून चांगल्या दिसायच्या, फोडल्या की आत काळे, हिरवे, गुलाबी ठिपके. धुऊन जात नसत. खात्यात सगळ्यांना धाक बसला होता.

गिरणीवाले खळीत जस्ताचं एक पांढरं औषध घालत. त्यानं बुरशी थांबायची, पण पुढं गरम इस्त्री फिरली की कापड शिजवल्यासारखं फाटायचं. आमच्या ह्यांनी मनावर घेतलं की याहून चांगलं औषध आपण काढायचं. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेले होते. कुणाकडून तरी रसायनांचं एक जुनं पुस्तक आणलं होतं, त्याची अर्धी पानं गळलेली. औषध साधलं तर साहेबाला दाखवायचं आणि कारकुनी सुटायची. गिरणीत करून बघितलं तर खात्याचा मास्तर आपल्या नावावर घेईल, म्हणून हे सगळं घरात, माझ्या न्हाणीत.

सोलापूरची हवा कोरडी. पावसाळा सोडला तर इथं बुरशीसुद्धा खुशीनं येत नाही. म्हणून मातीची सात बोळकी न्हाणीच्या कोपऱ्यात मांडायची, प्रत्येकात खळ घालायची, खळीत बुडवलेली सुताची लडी तोंडावर टांगायची आणि सगळ्यावर ओलं पोतं टाकायचं. पोतं ओलं ठेवायचं काम माझं. रोज दुपारी बघून पाटीवर लिहायचं कामही माझं. एका बोळक्यात काही घालायचं नाही, बाकीच्यांत वेगवेगळी औषधं. बोळक्यांवर कोळशाच्या रेघा ओढल्या होत्या, एक ते सात.

लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून मी जपायची आणि चार हातांवर न्हाणीत ती मुद्दाम वाढवायची. कडुनिंबाचा काढा घातला तर सूत पिवळं पडलं. हिंगानं काही झालं नाही, फक्त घर हिंगासारखं घाण मारायला लागलं. मोरचुदानं बुरशी आली नाही, पण पांढरं सूत हिरवट झालं. फिनेलचं कापड अंगाला लावून कोण हिंडेल? दोन महिने असे गेले. मला पाटीवर लिहून लिहून बुरशी ओळखू यायला लागली. आधी पांढरी लव येते, उंदराच्या पिल्लासारखी. मग ती हिरवी होते. काळे ठिपके सगळ्यात शेवटी येतात आणि तेच जात नाहीत.

मग एक दिवस ह्यांनी काष्ठौषधीच्या दुकानातून पुडी आणली. आत पांढरे जड खडे होते.

"हे काय?"

"रसकापूर."

"तो गरमीच्या फोडांवर लावतात तोच की."

"तोंड आवर. हात धुतल्याशिवाय पोरीला घ्यायचं नाही. आणि पुडी वर ठेव, फडताळात."

सहाव्या बोळक्यात थोडा घातला, सातव्यात दुप्पट. पंधरा दिवसांनी पोतं उचललं तर पहिलं बोळकं केसाळ झालेलं, आणि सहावं-सातवं जसंच्या तसं. रंग नाही, वास नाही. मी वाकून हुंगलं.

"अहो, ही खळ आंबलीसुद्धा नाही."

"तेच तर! आंबतसुद्धा नाही," ते म्हणाले आणि न्हाणीत उकिडवे बसून हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना फार वेळा पाहिलं नव्हतं. त्याच दुपारी शपथ घातली. पोर माझ्या कडेवर होती. तिच्या गळ्याला माझा हात लावून म्हणाले, "म्हण, कुणाला सांगणार नाही." मी म्हटलं.

आमची दोन खोल्यांची जागा शहराच्या पूर्व भागात होती, सगळी वस्ती तेलुगू विणकरांची. दोन घरं सोडून एक म्हातारी राहायची, तिला सगळे अव्वा म्हणत. अव्वा म्हणजे आजी. मुलगा मागावर बसायचा, सून सुताच्या कांड्या भरायची आणि खळ अव्वाकडे. खळीला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला चालत नसे. माझी पोर सकाळी उठली की तिच्याकडे जायची, जेवायला आणि झोपायला तेवढी माझ्याकडे. त्या पोरीला मराठीच्या आधी तेलुगूत शिव्या यायला लागल्या होत्या.

विणकरांची खळ आमच्या धोतराच्या खळीसारखी नसते. ती आंबवतात. जुन्या आंबट खळीतली थोडी राखून नव्या खळीत घालतात, दह्याला विरजण घालतो तसं. एखाद्या घरची आंबट खळ बिघडली तर शेजारून मागून आणायची आणि शेजाऱ्यानं नाही म्हणायचं नाही. विस्तवाला आणि खळीला नाही म्हणू नये, असं अव्वाच म्हणायची. खळ पुरेशी आंबली की नाही हे जिभेवर बघतात. बोट बुडवून चाटायचं. नाहीतर लहान मुलाच्या जिभेवर टेकवायचं. मुलानं तोंड वाकडं केलं की खळ झाली. म्हाताऱ्या माणसाची जीभ खोटं बोलेल, मुलाचं तोंड बोलत नाही, असा त्यांचा हिशेब. हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षं शेजारी राहून मी कधी बघितलं नव्हतं. आमच्यात खळ कुणी तोंडात घालत नाही.

त्या श्रावणात आठ दिवस भुरभुर लागली होती. सगळ्यांचे माग थांबत आले, कारण ताणा, म्हणजे मागावरचं उभं सूत, गल्लीत पसरून खळ लावावी लागते आणि त्याला ऊन लागतं. नवव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडलं. गिरणीचा भोंगा होऊन हे कामावर गेले, आणि गल्लीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे पसरायला लागले. तेवढ्यात अव्वा दारात आली. कडेवर माझीच पोर.

"अम्मा, जरा खळ द्या की."

"माझ्याकडे कुठली खळ, अव्वा?"

"आता बघा! तुमची पोर सांगती, आई न्हाणीत पोत्याखाली खळ लपवती. सात गाडगी." ती हसायला लागली. "तुमच्यात माग न्हाय, ताणा न्हाय. मालकाच्या धोतराला लावता व्हय एवढी? आपलं आपण उभं ऱ्हात असंल ते धोतर!"

मलाही हसू आलं. मी म्हटलं, "तुमची काय झाली?"

"सडली की. आठ दिस ऊन न्हाय. वर लव आली, मांजर बसल्यागत. आता ऊन पडलंय, ताणा पसरलाय, आणि माझ्याकडं खळ न्हाय. थोडी द्या. सांजच्याला दुप्पट देते."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. पोरीनं सांगितलेलं होतं, आणि आहे ती वस्तू नाही म्हणणं म्हणजे भांडणच. का देत नाही ते सांगायचं तर शपथ. मी न्हाणीत गेले, पोतं उचललं. पहिल्या बोळक्यावर जाड लव. दुसरं, तिसरं काळपट आणि बुळबुळीत. शेजारीण दारात उभी आहे आणि बुरशी आलेलं तिच्या हातात कसं द्यायचं? सहावं आणि सातवं स्वच्छ होती. सातवं जास्त स्वच्छ. मी सातवं उचललं.

काय आहे त्यात ते मला ठाऊक नव्हतं असं मी म्हणणार नाही. ठाऊक होतं. पण मला वाटलं, सुताला लागणार, अंगावर जाणार. ह्यांच्या मनात तर सगळ्या गिरणीच्या सुताला ते लावायचं होतं. तोंडाचा संबंध माझ्या डोक्यातच आला नाही. एवढंच म्हटलं, "अव्वा, नंतर हात धुवा हं नीट."

"खळीनं हात घाण होत्यात व्हय? आमी जल्मलोच खळीत," ती म्हणाली. बोळकं एका हातात, पोर कडेवर, अशी गेली.

पुढचं मी सुनेकडून ऐकलं. अव्वानं नव्यानं शिजवलेल्या गरम खळीत माझी खळ कालवली, पातेलं झाकून थोडं थांबली आणि बोट घालून चाटलं. आंबट लागेना. तिनं बोळक्यातलीच चाटून बघितली. तीही आंबट नाही, उलट पितळेची पळी चोखल्यासारखी. म्हणाली, "माझी जीभ गेली का काय?" पुन्हा चाटली. मग पोरीच्या जिभेवर टेकवली. पोरीनं तोंड वाकडं केलं नाही, गिळून टाकलं. आणखी एकदा. आणखी एकदा. तिसऱ्या वेळी पोर रडायला लागली, तेव्हा अव्वा म्हणाली, "हां, आता झाली." आणि कुंचा घेऊन ताण्यावर गेली.

पोर रडत माझ्याकडे आली. "तोंड भाजलं," म्हणाली. मी म्हटलं, काय खाल्लंस? म्हणाली, "खळ. अव्वानं चाटवली. तीन बोटं. तिनंपण चाटली." माझ्या हातातली लाटी खाली पडली. तेवढ्यात ती पहिल्यांदा ओकली. मी तिला उचलली आणि पळाले. गल्लीत ताणे पसरलेले होते, मी त्यांच्या बाजूनं पळत गेले. अव्वा दोन्ही हात खळीत भरवून सुतावर कुंचा मारत होती. "काय झालं, अम्मा?" तिनं ओरडून विचारलं. मी थांबले नाही. तिला एक शब्द बोलले नाही. पोरीशिवाय मला त्या गल्लीत माणूस दिसत नव्हतं.

आता दवाखान्यातलं.

मी "नाही" म्हणाले तसं डॉक्टरांनी कंपाउंडरला हाक मारली. "पटकीच दिसते. मिठाचं पाणी दे आणि सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिही." पटकीच्या माणसांना तिथं वेगळ्या खोलीत ठेवत, आईलाही आत सोडत नाहीत असं ऐकलं होतं. कंपाउंडर दौतीत टाक बुडवत होता. पोरीनं माझ्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं, ती मूठ सुटली. मी बघितलं, बोटं एकेक करून उघडली. तिचे ओठ आतून पांढरे पडले होते, चुना लागल्यासारखे. मला वाटलं शपथेनं मरायची असेल तर मरेल, पण निदान कशानं मेली ते डॉक्टरला ठाऊक असू दे.

"रसकापूर," मी म्हणाले. "पटकी नाही. तिनं रसकापूर खाल्लाय. खळीत होता."

डॉक्टर वळले. त्यांनी दिव्याजवळ नेऊन तिचं तोंड उघडलं, जीभ बघितली. मग माझ्याकडे बघितलं. ते बघणं मी विसरले नाही.

"किती?"

"तीन बोटं. चाटवलं."

"आणि मघाशी नाही म्हणालात?"

मी पोरीची सुटलेली मूठ हातात घेतली.

"अंडी आणा. दहा-बारा. पांढरं तेवढं पाजायचं, आणि वर दूध. पळा."

"आमच्यात अंडी..."

"तुमच्यात काय चालतं ते उद्या सांगा. उद्या पोर असली तर."

दारात अव्वाची सून उभी होती. मला पळताना बघून शोधत आत्ताच आली होती, आधीचं बोलणं तिनं ऐकलं नव्हतं. ती काही न विचारता पळाली. त्यांच्यात एरवी अंडी चालत, पण श्रावणात घरात नसत. ती पलीकडच्या गल्लीत मुसलमान विणकराच्या घरी गेली. त्या घरच्या बाईनं कोंबडी उठवून खालचं गरम अंडंसुद्धा काढून दिलं. "लेके जाव मां, जल्दी जाव," म्हणाली असं सुनेनं नंतर सांगितलं.

मी जन्मात अंडं हातात धरलं नव्हतं. पहिलं माझ्या हातात फुटून पायावर सांडलं. कंपाउंडरनं हिसकावून घेतली. वाटीत पांढरं, बोटानं पोरीच्या गालात. ती गिळायची, ओकायची, पुन्हा पाजायचं. डॉक्टरांनी नळी घालून पोट धुतलं. ती किंचाळली नाही, याचीच मला जास्त भीती वाटली. मी तिचे पाय धरले होते. पाय गार होते. मी ते माझ्या मांड्यांमध्ये दाबून धरले.

"ही खळ आणखी कुणाच्या पोटात गेली?" डॉक्टरांनी विचारलं.

तेव्हा मला अव्वा आठवली. पोर ओकायला लागल्याला दोन तास होत आले होते आणि मला ती एकदासुद्धा आठवली नव्हती.

"अव्वा," मी म्हणाले. "तिनंही चाटलीय."

सून माझ्यासमोरच उभी होती, हातात अंड्यांची परडी. तिनं माझ्याकडे बघितलं आणि तेलुगूत काहीतरी ओरडली. उरलेली अंडी घेऊन ती पळाली.

अव्वा ताण्यावर होती. ती तोवर दोनदा घरामागं जाऊन ओकून आली होती आणि तोंड धुऊन परत कुंचा हातात घेतला होता. अर्ध्यावर सोडलं तर ओलं सूत एकमेकाला चिकटून सगळा ताणा वाया जातो. शिवाय ऊन किती वेळ टिकेल कुणी सांगावं. सून पोचली तेव्हा थोडाच राहिला होता; ताणा पुरा वाळेपर्यंत ती हलली नाही. मग भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी डॉक्टर स्वतः तिच्याकडे गेले. पोरीला कंपाउंडरजवळ ठेवून मीही गेले. अव्वाच्या हातांना बारा महिने भेगा असत, खळीत काम करून. त्या भेगा लाल झाल्या होत्या. समोर वाटीत अंड्यातलं पांढरं तसंच पडलं होतं.

"श्रावण हाय," ती म्हणाली. "अंडं न्हाय."

"अव्वा, माझ्या पोरीनं खाल्लं. आमच्यात तर कधीच खात नाहीत. तुम्ही खा."

"ती लहान हाय. तिला कुटला श्रावण?" मग म्हणाली, "दूध द्या. दूध पिते." दूध प्यायली, ओकली, पुन्हा प्यायली. अंडं नाही ते नाहीच. डॉक्टर रागावले, मुलगा पाया पडला. ती तोंड मिटून बसली. मी वाटी तिच्या तोंडाशी नेली तेव्हा माझा हात बाजूला करून म्हणाली, "तुमाला ठावं होतं, अम्मा?"

"होतं," मी म्हणाले.

"मग सांगायचं न्हाय का?"

मी वाटी खाली ठेवली. शपथेचं तिला सांगितलं नाही. सांगून तिच्या पोटातलं विष बाहेर येणार नव्हतं.

संध्याकाळी हे दवाखान्यात आले. निरोप गिरणीत गेला होता. पोरीकडे बघायच्या आधी मला म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांना."

ते खाली बसले. नंतर पोरीच्या तोंडाकडे बघितलं आणि उठून बाहेर गेले. मला वाटलं रागानं गेले. ते घरी जाऊन सगळी बोळकी, पुडी आणि लड्या घेऊन गावाबाहेर पडीक रानात पुरून आले. दुसऱ्या दिवशी स्वतःच खात्याच्या मास्तरला जाऊन सांगितलं. मास्तर म्हणाला, रसकापूर आम्हाला वीस वर्षांपूर्वीच ठाऊक होता. बुरशीला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण विणकर तुटलेलं टोक ओठांनी ओलं करून गाठ मारतात, दिवसातून शंभर वेळा. आणि खळीची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाते. कारकुनाला हे कसं कळणार, मागावर कधी बसलात का? हे परत येऊन ह्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. त्यांना कामावरून काढलं नाही, गोदामात घातलं. पुन्हा त्यांनी घरात कसली पुडी आणली नाही, आणि ते पुस्तक चुलीत गेलं.

डॉक्टर मला म्हणाले होते, "ओकारी थांबेल. ती थांबली म्हणून हुरळू नका. लघवी होते का बघा. रसकापूर मूत्रपिंडावर जातो. लघवी बंद झाली तर माझ्या हातात काही नाही."

पहिल्या दिवशी झाली नाही. रात्री दवाखान्यातच राहिलो, तेव्हाही नाही. मी तिच्या खाली पांढरं धोतराचं फडकं घातलं होतं, ओलं झालं तर दिसावं म्हणून. दर थोड्या वेळानं हात लावून बघायची. कोरडं. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडं. पाणी, दूध, चमच्यानं जेवढं जाईल तेवढं घालत होते. तिच्या पापण्या सुजल्या होत्या. मला दुसरं काही सुचत नव्हतं. देवाचं नावसुद्धा घेतलं नाही, शपथ मोडली होती म्हणून घ्यायची भीती वाटत होती. तिचा गळा मी पुन्हा पुन्हा चाचपून बघत होते, तिथं काही झालं आहे का ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिला मांडीवर घेऊन बसले होते. आधी मला वाटलं माझ्या हातातलं पाणी सांडलं. मग ऊब लागली. थोडीच होती, लालसर होती, पण होती. मी डॉक्टरांना हाक मारली. ते आले, माझं भिजलेलं लुगडं बघितलं आणि म्हणाले, "बसा तशाच. उठू नका." आणखी थोडी झाली.

त्याच वेळी तिकडे गल्लीत अव्वाची लघवी बंद झाली होती.

तिचं अंग सुजत गेलं. आधी तोंड, मग पाय. हिरड्या काळ्या पडल्या. मी रोज जायची. सून मला आत येऊ द्यायची, पण माझ्याशी बोलायची नाही. मी तिला दोष देत नाही. गल्लीतल्या बायका माझ्या हातून पाणी घेईनात, पोरं लांबूनच बघायची. मला दर पावलाला वाटायचं, आता पोलीस येईल. पाचव्या दिवशी अव्वाचा मुलगा आमच्या दारात आला. हे आतल्या खोलीत होते, बाहेर यायचं धाडस त्यांना झालं नाही. मीच उभी राहिले.

"बाई," तो म्हणाला, "मी चौकीवर जाणार न्हाय. अव्वानं सांगितलंय जाऊ नको म्हणून. तुमी मुद्दाम दिलं न्हाय, ते मला ठावं हाय. पण एक शब्द बोलायचा की तुमी त्या दिवशी. आमच्या दारावरनं गेला पळत. ती विचारत होती तुमाला. तवा बोलला असता तर तिनं कुंचा टाकला असता, सकाळीच पोट धुतलं असतं."

"होय," मी म्हणाले.

"होय काय?"

"मी बोलायला पाहिजे होतं."

तो गेला. त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

अव्वानं खळ लावलेला तो ताणा नंतर मागावर कधीच चढला नाही. मुलानं तो गुंडाळून जाळला.

पोर तीन आठवडे अंथरुणावर होती. तोंडातली सालं गेली, दोन दात हलून पडले, केस गळाले. मग भाकरी खायला लागली. अव्वाकडे जायचं म्हणून रोज रडायची.

अव्वा नवव्या दिवशी सकाळी गेली. माझी मुलगी वाचली.